चौसष्ट कुत्र्यांची मोजणी

३ तारीख, सोमवार

निवृत्त माणसाला कुत्रंही विचारत नाही म्हणतात. मला आज वस्तीतली सगळीच कुत्री सोपवण्यात आली.

संध्याकाळी समितीची बैठक होती. मागच्या आठवड्यात खाणीच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या मुलीच्या पोटरीला एका पिल्लंवाल्या कुत्रीने चावा घेतला. मुलगी बरी आहे. पण दवाखाना इथून चार तासांवर, त्यामुळे प्रत्येक इंजेक्शनाला बापाचा एक दिवस जातो. अध्यक्ष म्हणाले, नऊ वर्षांपूर्वी केलं तेच करू. म्हणजे विष. डबा अजून समितीच्या कपाटात आहे, असंही म्हणाले. जणू चहापत्तीचा डबा.

मी उभी राहिले. म्हटलं, तेव्हा सगळी मारली, मग आज ही आली कुठून? वर्षभरात खालच्या रस्त्याने नवी आली, अनोळखी आणि जास्त चावरी. फडताळ रिकामं केलं की रिकामं राहत नाही, त्यात उंदीर होतात. शहरातून एक फिरतं पथक येतं. ते कुत्र्यांची नसबंदी करतं, रेबीजची लस टोचतं आणि जिथून धरली तिथेच परत सोडतं. त्यांना मी पत्र पाठवलं होतं, परवा होकार आला.

"बाई, तुम्हाला कुत्र्यांचा एवढा लळा कधीपासून?" अध्यक्षांनी विचारलं.

"लळा नाही. हिशेब आहे."

शंभरातल्या सत्तरांना लस मिळाली की रोग पसरायला वाव राहत नाही, असं पथकाच्या पत्रात आहे. तेव्हा ठरलं ते असं: पथक एकवीस तारखेला जाणार. तोपर्यंत वस्तीतली सत्तर टक्के कुत्री झाली तर डबा कपाटात राहील, एक जरी कमी पडलं तर बाहेर निघेल. हे मी ठरावात शब्दशः लिहून घेतलं. तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही.

अध्यक्ष एके काळी खाणीच्या स्टोअरमध्ये माझ्या हाताखाली होते. सात फावडी कमी भरली म्हणून मी त्यांना मेमो दिला होता. एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, माझी मोजणी एकदाही चुकली नाही. ते हे विसरले नसावेत.

५ तारीख, बुधवार

दोन दिवस घरोघर फिरले. वरची गल्ली, मधली गल्ली, खालची गल्ली, कार्यालयासमोरच्या चाळी. एकूण कुत्री चौसष्ट. त्याचे सत्तर टक्के चव्वेचाळीस पूर्णांक आठ, म्हणजे पंचेचाळीस.

गंमत अशी की चौसष्ट कुत्री आहेत आणि एकाचंही कुणी नाही. शिंपीणबाईंच्या पायरीपाशी ॲल्युमिनियमचं भांडं होतं, चाटूनपुसून लख्ख. मी विचारलं, कुत्रं आहे?

"छे हो! आमचं कुठलं?"

"मग हे भांडं?"

"ते... चिमण्यांसाठी."

"चिमण्या भांडं चाटतात?"

मग म्हणाल्या, एक येते कधीतरी. राणी म्हणतो आम्ही. बदामी रंगाची. पण आमची नाही हं, लिहू नका तसं. चावलीबिवली तर आमच्या डोक्यावर नको.

सगळीकडे हेच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. बेकरीवाल्याकडे तांबूस रंगाची बिजली येते, कॅन्टीनवालीकडे पांढऱ्या तोंडाची म्हातारी, नर्सबाईंकडे जरा लंगडणारी चिकू. सगळ्या "कधीतरी" येतात आणि सगळ्यांची नावं ठेवलेली आहेत.

वजनकाट्यावाल्या कारकुनाकडे मला वाटलं शिव्या मिळतील. पण ती पोटरीला पट्टी बांधलेली मुलगीच पुढे आली. "आमच्याकडे येते ती चावत नाही. ती फक्त ओरडते. रांग मोडली की लगेच." नाव विचारलं तर बापाकडे बघून हसायला लागली. शेवटी बाप मान खाली घालून म्हणाला, "पोरं धाकटी स्टोअरबाई म्हणतात तिला."

मी तसं लिहून घेतलं. नोंद म्हणजे नोंद.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "किती भरली?"

"चौसष्ट."

"जास्त वाटतात."

"मोजणी मी केलीय," म्हटलं. हे परसात निघून गेले. सुरुंग लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मोजणीतलं काय कळणार.

८ तारीख, शनिवार

पथक आलं. पथक म्हणजे एक गाडी, एक डॉक्टर आणि एक जाळीवाला. डॉक्टर मुलगीच आहे, माझ्या भाचीच्या वयाची. टाके घालताना गुणगुणते. मला "काकू" म्हणाली. मी सांगितलं, मी कोणाची काकू नाही, इथे सगळे बाई म्हणतात. "बरं काकू," म्हणाली.

समाजमंदिराची दोन टेबलं जोडून त्यावर स्वच्छ चादर. एका कोपऱ्यात पिंजरे, दुसऱ्यात उकळत्या पाण्याचं भांडं. प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड: क्रमांक, धरलं ती जागा, रंग, नाव, सांभाळणाऱ्याची सही. शेवटचा रकाना रिकामाच राहणार, हे मी तिला आधीच सांगितलं. भूल असतानाच डाव्या कानाच्या टोकाचा छोटा काप घेतात. मग झालेलं कुत्रं लांबूनही ओळखू येतं, दुसऱ्यांदा धरलं जात नाही. पद्धत चांगली आहे. आमच्या स्टोअरमध्ये तपासलेल्या पेट्यांना लाल पट्टा ओढायचो, तसंच.

आज पाच झाली.

१० तारीख, सोमवार

दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत.

एक. घरातली अंडी कमी होत आहेत. आठवड्यात तीन. यांना डॉक्टरांनी अंडी बंद केली आहेत, तरी चोरून खातात असं दिसतं. या वयात! मी बोलले नाही. आधी पुरावा गोळा करावा.

दोन. सकाळी सातला एक तपकिरी कुत्री आमच्या पुढच्या पायरीवर येऊन बसते. गेले सहा-सात महिने बसते. मी तिला दुधात भिजवलेला पाव टाकते, तो सवय राहावी म्हणून. धरायच्या दिवशी सोपं जाईल. हे कामाचं आहे, त्यात दुसरं काही नाही. ती आमची नसल्यामुळे नोंदीत घेतलेली नाही; दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असेलच.

आज हे विचारत होते, "दूध पातळ आलंय का हल्ली? पुरत नाही."

"मांजर येतं," मी म्हटलं.

१३ तारीख, गुरुवार

एकूण एकतीस. जाळीवाल्याचा हात बसला आहे. गाडीच्या आवाजाने कुत्री पळतात हे कळल्यावर तो आता सायकलवर जातो. पिल्लंवाली, चावलेली, तीही मिळाली. पिल्लं दूध सोडेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणून डॉक्टर अडून बसली होती. तपासल्यावर म्हणाली, सोडलंय, चालेल.

अध्यक्ष रोज येऊन दारात उभे राहतात. आज म्हणाले, "बाई, कुत्र्यांचे कान कापता ते ठीक, पण चौसष्टमधली उरलेली कुठे आहेत?"

"येतील."

"यायला हवीत. ठराव तुम्हीच लिहिलाय."

भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात. पण हा माणूस तेव्हाही सही घेतल्याशिवाय खिळा देत नसे. मीच शिकवलं होतं.

१६ तारीख, रविवार

अडतीस. काल दोन, आज एकही नाही. जाळीवाला सायकलवरून तिन्ही गल्ल्या पालथ्या घालून आला. म्हणाला, "बाई, दिसतात ती सगळी कानाला काप असलेलीच. बाकीची खाणीच्या मागच्या कड्यावर गेलीत. तिकडे माझं काम नाही, तिकडे बकऱ्यांचं काम आहे."

पंचेचाळीसला सात कमी. सातच. हा आकडा माझ्या मागे लागलेला दिसतो.

जेवताना यांना सांगितलं, जमणार नाही बहुतेक. यांनी ताट बाजूला सारलं. नऊ वर्षांपूर्वी ट्रॉली भरून कुत्री नेली, त्यात तो काळा होता, जो रोज यांच्या मागे सुरुंगाच्या रेषेपर्यंत जायचा आणि तिथेच बसून राहायचा. त्यानंतर पंधरा दिवस यांचा घसा बसला होता. हवा बदलली होती तेव्हा.

"बघ काहीतरी," एवढंच म्हणाले.

१८ तारीख, मंगळवार

सविस्तर लिहिते, कारण हे विसरता कामा नये.

काल संध्याकाळी ठरवलं की पायरीवरची तपकिरी द्यायची. तिच्या कानाला काप नाही, म्हणजे ती उरलेल्यांतली. जाळीवाल्याला ती कधी सापडलीच नाही. सायकल दिसली की कुठल्या तरी घरात शिरते म्हणाला. ऑपरेशनआधी बारा तास पोट रिकामं हवं असतं. तिन्ही गल्ल्यांत मी स्वतः ओरडून सांगितलं होतं: आज संध्याकाळपासून कुणीही कुठल्याही कुत्र्याला काही घालायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

सकाळी सात वाजता ती पायरीवर आली. माझ्याकडे बघितलं. पाव अगदी लहान होता, दूधही तळाशी राहिलेलंच. चतकोर तुकड्याने काय होतं.

साडेनऊला मी स्वतः दोरी लावून तिला घेऊन गेले. मुकाट चालली. डॉक्टरने गुंगीचं पहिलं इंजेक्शन दिलं, आणि पाच मिनिटांत ती ओकली. थांबेचना. जमिनीवर एवढं सगळं साचलं, डोळे पांढरे, जीभ बाहेर. मी तिचं डोकं धरून ठेवलं. पदराने तिचं तोंड पुसलं. पदर तसाही धुवायचाच होता.

डॉक्टर गुणगुणायची थांबली होती. पोट पूर्ण रिकामं होईपर्यंत तिने तोंड खाली करून धरलं, मग म्हणाली, "आत्ता निघालं ते नशीब. टेबलावर पूर्ण भुलीत असं झालं असतं तर श्वासनलिकेत गेलं असतं, वाचली नसती. हिला कोणी खायला घातलं?"

समाजमंदिराच्या दारात लोक जमले होते. मग शिंपीणबाई रडायलाच लागल्या. "भात मी घातला हो. मूठभरच. राणी उपाशी कशी राहील म्हटलं."

"राणी कुठली?" बेकरीवाला म्हणाला. "ही आमची बिजली. टोस्टचे तुकडे माझे आहेत."

"म्हातारी आहे ती आमची!" कॅन्टीनवाली म्हणाली. "हाडं मी दिली."

नर्सबाई, शिकलेल्या नर्सबाई, खाली बघून म्हणाल्या, "बटाटा. एकच फोड." आणि त्या पोटरीवाल्या मुलीने बोट वर केलं. बिस्कीट.

डॉक्टरने काठीने ढवळून पाहिलं. "अजून अंडं आहे. अख्खं उकडलेलं. ते कोणाचं?"

अंड्याला कुणीच वारस निघाला नाही. दूधपावाबद्दल तिने विचारलं नाही. मीही बोलले नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, एका कुत्रीची पाच घरं? तुमच्या नोंदीत ही किती वेळा आहे?"

तिथेच, त्या घाणीशेजारी उभी राहून मी नोंदवही उघडली. बदामी राणी. तांबूस बिजली. पांढऱ्या तोंडाची म्हातारी. लंगडणारी चिकू. धाकटी स्टोअरबाई. तोंड पांढरं आहे. मागचा उजवा पाय किंचित उचलते. रंग सावलीत बदामी, उन्हात तांबूस.

पाच नोंदी, एक कुत्री. मी घरं मोजली होती, कुत्री नाही.

एकतीस वर्षं.

ऑपरेशन उद्यावर. आज तिला आमच्याच न्हाणीत कोंडून ठेवली आहे, कुणाला काही घालता येऊ नये म्हणून. कार्ड भरायला मला वेळ नव्हता, ते यांच्या हातात दिलं. हे दाराशी स्टूल टाकून बसलेत. मी बजावलं, आत काही टाकायचं नाही. "नाही टाकत," म्हणाले. आवाज जरा बसलेला वाटला.

१९ तारीख, बुधवार

तिचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित. क्रमांक एकोणचाळीस. टेबलाशी दोन तास उभी होते, कारण आतल्या कामाची मला माहिती असावी.

आता प्रश्न खऱ्या मोजणीचा. पाचाचं एक झालं, तसं आणखी कितींचं झालं असेल? सकाळपासून विचार करत होते आणि उत्तर रोज बारा वाजता कानात ओरडत होतं.

स्टोअरची मोजणी करताना पहिला नियम: दार बंद. माल आत नाही, बाहेर नाही. हलणारा माल मोजता येत नाही. आणि आमच्या वस्तीत रोज दहा मिनिटं सगळं थांबतं. सुरुंगाआधीचा भोंगा वाजला की जो जिथे असेल तिथे थांबायचं, दुसरा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही; हा खाणीचा नियम. कुत्रीही पाळतात. पायऱ्यांखाली, गाड्यांखाली जाऊन पडतात, आणि सुरुंग उडाल्यावरही दुसऱ्या भोंग्याशिवाय उठत नाहीत.

यांना विचारलं, जमेल का? म्हणाले, "रोज बघत आलोय. एक कुत्रं हलत नाही. काळासुद्धा..."

उद्या बारा वाजता. प्रत्येक पट्ट्याला एक माणूस, हातात कागद. वरच्या गल्लीत नर्सबाई, मधलीत बेकरीवाला, खालच्या गल्लीत वजनकाट्याचा कारकून, खाणीकडच्या वाटेवर, जिथून मागचा कडाही दिसतो, तिथे हे. कार्यालयासमोरच्या चाळींना अध्यक्ष. त्यांना मी स्वतः सांगायला गेले. "मी का?" म्हणाले. "कारण तुम्ही माझ्या हाताखाली शिकलात," म्हटलं. नाही म्हणता आलं नाही.

२० तारीख, गुरुवार

भोंगा वाजला. मी मधल्या चौकात उभी. इतकी वर्षं हा भोंगा ऐकला, पण त्यानंतरची वस्ती कधी बघितली नव्हती. स्टोअरला खिडकी नव्हती. कपडे वाळत घालणारी बाई हात वर करून तशीच. बेकरीच्या पोऱ्याच्या खांद्यावर ट्रे. सगळे गप्प, आणि पायऱ्यांखालून, हातगाड्यांखालून कान बाहेर. काप असलेले, नसलेले. छान दिसत होतं, असं लिहायला हरकत नाही.

सुरुंग उडाला. दुसरा भोंगा झाला. कागद गोळा केले. समाजमंदिरातल्या पिंजऱ्यांतली धरून एकूण बावन्न. काप असलेली एकोणचाळीस. म्हणजे बरोबर पंचाहत्तर टक्के. तीनदा भागाकार केला.

संध्याकाळी बैठक. मी उभी राहिले. नोंदवही उघडी धरली.

"माझ्या नोंदीत चौसष्ट होती. प्रत्यक्षात बावन्न आहेत. बारा दुबार लिहिली गेली. चूक माझी आहे."

"काय म्हणालात बाई? मागे ऐकू गेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. हशा पिकला.

"चूक माझी आहे," मी मोठ्याने म्हटलं. "आणि त्या कुत्रीला बंदी असताना खायला घालणाऱ्यांत सहावं घर माझं. दूधपाव."

या वेळी कुणी हसलं नाही. शिंपीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तो भात आम्ही दोघींनी मिळूनच घातला होता.

अध्यक्ष म्हणाले, "पण ऐन वेळी आकडा खाली आणलात. हे सोयीचं नाही का?"

वजनकाट्याचा कारकून उठला. "चावलं माझ्या मुलीला. मी कशाला कमी मोजीन?"

"आणि कार्यालयासमोरची नऊ," मी म्हटलं, "तुम्हीच मोजलीत. सही आहे. चुकली असतील तर आत्ता सांगा."

त्यांनी कागद हातात घेतला, आपलीच सही पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरच्या मांडणीच्या यादीत होती आणि मालधक्क्याच्याही."

"काय?"

"सात फावडी. दुबार लिहिली होती. कमी नव्हतीच. मी तेव्हाच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. टेबलापलीकडे उभा राहून, टोपी हातात घेऊन सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, कारण माझी मोजणी चुकत नाही.

"सांगितलं होतंस," मी म्हटलं. "मेमो मागे घेते."

"बावीस वर्षांनी?"

"लेखी देते."

ते हसले, चांगलं मोकळं हसले. मग कपाटातून तो डबा काढून त्यांनी डॉक्टरसमोर ठेवला. "शहरात नेऊन नष्ट करा. इथे ठेवला तर बाई रोज मोजायला येतील."

२१ तारीख, शुक्रवार

पथक गेलं. उरलेल्या तेरांसाठी थंडी सरल्यावर परत येणार, तारीख लेखी घेतली आहे. डॉक्टर जाताना "येते काकू" म्हणाली. मी "सांभाळून जा" म्हटलं. दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, गाडी सुरू झाली होती.

एकोणचाळीस कार्डांचा गठ्ठा दप्तरी ठेवायला माझ्याकडे दिला. दुपारी क्रमाने लावायला बसले. सांभाळणाऱ्याच्या रकान्यात आता बऱ्याच सह्या आहेत. काल बैठकीनंतर लोक आपणहून येऊन करून गेले. एकोणचाळीसाव्या कार्डावर तर जागाच उरली नव्हती: शिंपीणबाई, बेकरीवाला, कॅन्टीनवाली, नर्सबाई, कारकून, आणि खाली त्या मुलीची अक्षरं, वाकडी.

पण सगळ्यांच्या वर, अगदी पहिली, यांची सही. अठरा तारखेची. म्हणजे कुणीच कशाचीही जबाबदारी घेत नव्हतं, तेव्हाची. धरली ती जागा: घराचं मागचं दार. मी पुढच्या दारातून नेली होती.

अंड्यांचाही हिशेब लागला.

मागच्या दारातून पाहिलं. हे पायरीवर बसले होते, ती शेजारी पोटावरचे टाके चाटू बघत होती आणि हे तिचं तोंड हळूच बाजूला करत होते. हाताखाली अंड्याचं टरफल. मला बघून ते त्यांनी मुठीत लपवलं.

"आता कशाला लपवता?" मी म्हटलं. "सोमवारपासून तीन जास्त आणते."

आत येऊन कार्ड पुन्हा हातात घेतलं. नावाच्या रकान्यात यांनी लिहिलं आहे: आमची. नावाच्या जागी असं काही लिहीत नाहीत. पण शाईने लिहिलंय, आणि खाडाखोड केलेलं कार्ड मला दप्तरात चालत नाही. म्हणून तसंच राहू दिलं, आणि यांच्या सहीशेजारी थोडी जागा होती तिथे माझी केली.